चिकटावे आणि सुटावेही : रिचर्ड ड्रूची गोष्ट

मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे विषय मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र. तेव्हा चिकटपट्टी शोधून काढणाऱ्या एका अमेरिकन माणसाचे चरित्र मी काय म्हणून लिहावे, असे कुणालाही वाटेल. वार्षिकाच्या संपादक सरांनाही वाटले. त्यांनी नेहमीची थोर नावे सुचवली. त्या नावांवर दरवर्षी लेख येतात, यंदाही येतीलच, आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे माझे मित्र आहेत. मला मात्र रिचर्ड ड्रूवरच लिहायचे होते. कारण सांगतो.

आमचे आप्पा मोटारींच्या गॅरेजात रंगकाम करतात. आमच्या घरात कॉलेजचा उंबरठा ओलांडणारा मी पहिलाच. आप्पा सातवीपर्यंत शिकले, आई शाळेत गेलीच नाही. सुट्टीच्या दिवशी मी आप्पांच्या हाताखाली असतो. पत्र्यावर लांबी भरायची, ती वाळली की वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासायची, अस्तर मारायचे आणि मग काचा, रबर, दिवे यांच्यावर जुनी वर्तमानपत्रे लावून कडेने मास्किंग टेप मारायची. हे टेपचे काम आप्पा मला करू देत नाहीत. ते स्वतः करतात, दोन्ही अंगठ्यांनी दाबत दाबत, जणू जखमेवर पट्टी बांधावी तसे.

गेल्या दिवाळीच्या आधी एका जीपला दुरंगी पट्टा मारायचा होता. वरचा पांढरा रंग आदल्याच दिवशी मारलेला. गिऱ्हाइकाला घाई, मालकाला त्याहून घाई. आप्पांनी पांढऱ्यावर टेप लावली, खालचा निळा मारला आणि संध्याकाळी टेप ओढली, तर बॉनेटच्या कडेचा तळहाताएवढा पांढरा रंग टेपेबरोबर निघून आला. मालकाने आप्पांची चार दिवसांची मजुरी कापली. आप्पा घरी काही बोलले नाहीत. जेवणाच्या वेळी आईने पगाराचे विचारले तेव्हा कळले. मला टेपचाच राग आला. ही असली वस्तू कुणी काढली, हे शोधायला मी ग्रंथालयात गेलो, आणि तिथे मला कळले की रंग निघू नये म्हणूनच ती काढलेली आहे.

रिचर्ड गर्ली ड्रू याचा जन्म २२ जून १८९९ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सेंट पॉल या गावी झाला. त्याला बँजो हे तंतुवाद्य छान वाजवता येई. नाचाच्या कार्यक्रमांत बँजो वाजवून मिळणाऱ्या पैशांवर त्याने मिनेसोटा विद्यापीठात इंजिनिअरिंगचे शिक्षण सुरू केले, पण ते पुरे झाले नाही. वर्ष-दीड वर्षातच त्याने विद्यापीठ सोडले आणि यंत्ररचनेचा अभ्यास टपालाने करू लागला. प्राध्यापक मंडळी हा लेख वाचणार आहेत, म्हणून एवढेच म्हणतो की कॉलेज सोडल्यामुळे तो मोठा झाला असे मला मुळीच सुचवायचे नाही. टपालाने का होईना, पण शिकणे त्याने सोडले नाही, याकडेही लक्ष द्यावे. माझ्यापुरते सांगायचे तर त्या चार दिवसांच्या मजुरीनंतर कॉलेज सोडून गॅरेजात उभे राहावे असे माझ्याही मनात येऊन गेले होते. आप्पांनी तो विषय काढू दिला नाही.

ड्रूला १९२१ च्या सुमारास सेंट पॉलमधल्याच एका कंपनीत प्रयोगशाळेतल्या मदतनिसाची नोकरी लागली. मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग हे तिचे लांबलचक नाव, पुढे जग तिला थ्रीएम म्हणू लागले. आज मोठी दिसणारी ही कंपनी तेव्हा फक्त घासकागद बनवीत होती. तिचा जन्मच फसगतीतून झालेला. १९०२ साली पाच जणांनी मिळून ती काढली ती कुरुंदाचा दगड खणण्यासाठी. खणून काढलेला दगड कुरुंद नव्हताच, घासायच्या कामाला निरुपयोगी असा दुसराच खडक निघाला. मग बाहेरून खडे आणून घासकागद करणे आले.

इथे एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण चिकटपणाची परीक्षा घेणे हा माझ्या लेखाचा खरा विषय आहे आणि तो या कंपनीत इथूनच सुरू होतो. १९१४ साली कंपनीने स्पेनहून गार्नेटचे खडे मागवले. त्यांचा घासकागद बाजारात गेला आणि तक्रारी घेऊन परत आला. कागदावरचे खडे कामाच्या पहिल्याच झटक्यात गळत होते. सरस नेहमीचा, कागद नेहमीचा, मग बिघडले काय? शेवटी कुणीतरी ते खडे पाण्यात टाकले आणि पाण्यावर तेलाचा तवंग आला. बोटीवर त्याच तळघरात ऑलिव्ह तेलाची पिंपे होती, वादळात ती फुटली आणि गार्नेटची पोती तेलात भिजली होती. तेलकट वस्तूला सरस धरत नाही, हे आपल्या घरातल्या बायकांनाही ठाऊक असते. परंतु कारखान्यात आलेला माल तपासण्याची सोयच नव्हती. विल्यम मॅकनाइट नावाचा तरुण व्यवस्थापक तेव्हा कारभार पाहत होता. तोही शेतकऱ्याचा मुलगा, हिशेबनिसाच्या मदतनिसापासून वर चढलेला. त्याने १९१६ साली एक चिमुकली प्रयोगशाळा उभी केली. ड्रू पुढे जिथे आला ती प्रयोगशाळा या तेलाच्या डागातून निघाली, असे म्हणायला हरकत नाही.

ड्रूच्या वेळी कंपनीने पाण्यात भिजवून वापरायचा नवा घासकागद काढला होता. आप्पा ज्याला वॉटर पेपर म्हणतात तोच हा. त्याचे नमुने मोटारी रंगवणाऱ्या गॅरेजांत नेऊन तो कसा चालतो ते पाहणे हे ड्रूचे काम. त्या काळी तिकडे दुरंगी मोटारींची मोठी हौस होती. १९२३ च्या सुमारास ड्रू असाच एका गॅरेजात गेला, तर तिथला रंगारी संतापाने शिव्या घालत होता. एक रंग झाकण्यासाठी त्याने कागद लावला होता, कुठे खळीने, कुठे दवाखान्यातल्या पट्टीने, आणि तो काढताना नवा रंग सोलून आला होता. सगळे काम पुन्हा करायचे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. शंभर वर्षांपूर्वीचा सेंट पॉलचा तो रंगारी मला अगदी ओळखीचा वाटला. त्याची मजुरी कापली गेली की नाही, ते पुस्तकात नव्हते.

ड्रू घासकागद विकायला आलेला. रंगाऱ्याच्या दुःखाशी त्याचा संबंध नव्हता. पण त्याने तिथेच कबूल करून टाकले की यावर मी उपाय काढून देतो. उपाय कसा काढायचा याची कल्पना त्याला नव्हती. पण विचार केला तर घासकागद म्हणजे काय? कागद, त्यावर सरस, त्यावर खडे. खडे काढून घेतले आणि सरस कधीच पूर्ण वाळू दिला नाही, तर उरते ती चिकटपट्टी. बोलायला सोपे, करायला दोन वर्षे लागली. निरनिराळी तेले, राळ, डिंक, ग्लिसरीन अशी नाना मिश्रणे त्याने करून पाहिली. काही नीट चिकटत नव्हती, काही चिकटली ती सुटत नव्हती, काही कागदावर ठेवताच गुंडाळीत एकमेकांना धरून बसत होती. मध्ये मॅकनाइटने त्याला घासकागदाच्या कामावर परत जायला सांगितले. तो गेला, पण मन टेपेतच अडकलेले. शेवटी सुतारकामाच्या सरसात ग्लिसरीन घालून आणि सुरकुत्या पाडलेल्या कागदावर ते लावून १९२५ साली मास्किंग टेप तयार झाली. कागदाच्या सुरकुत्या ही मोठी युक्ती. सुरकुत्या ताणल्या जातात, म्हणून टेप मडगार्डच्या गोलाईवर न फाटता वळते. आप्पांच्या हातातली टेप आजही तशीच सुरकुतलेली असते.

सुरुवातीच्या एका टेपेला दोन्ही कडांनाच चिकट द्रव्य होते, मध्ये कोरडी. ती गाडीवरून गळून पडली तेव्हा रंगाऱ्याने चिडून तिला स्कॉच, म्हणजे कंजूष, ठरवले आणि तेच नाव पुढे मालाला चिकटले, अशी कथा सांगतात. स्कॉटलंडच्या लोकांना ती आवडत असेल असे वाटत नाही.

आता यंत्राची गोष्ट. टेप चांगली करायला ड्रूला एक मोठे यंत्र हवे होते. मॅकनाइटने पैसे नाकारले. ड्रूला स्वतःच्या सहीने १०० डॉलरपर्यंत खरेदी करता येत होती. त्याने ९९-९९ डॉलरच्या मागण्या एकामागून एक पाठवल्या आणि तुकड्यातुकड्यांनी यंत्र उभे करून ते चालूही केले. नंतर त्याने हे स्वतःच मॅकनाइटला सांगितले. आपल्याकडे अशा माणसाची चौकशी झाली असती, आणि खरे सांगायचे तर व्हायलाच हवी, असे आमच्या अर्थशास्त्राच्या सरांचे मत पडले. मॅकनाइटने मात्र त्याला काढले नाही. हुशार माणसाला हात बांधून ठेवू नये, हे धोरण त्याने पुढे कंपनीतच रुजवले. मला यात ड्रूपेक्षा मॅकनाइटचे जास्त कौतुक वाटते. हट्ट करणारे पुष्कळ असतात. हट्ट पुरवणारे थोडे.

टेप चांगली म्हणजे काय, हा प्रश्न मला ड्रूच्या चरित्राने लावला आणि मग मी त्याच्यामागे आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांकडे गेलो. कला शाखेचा मुलगा टेपचे विचारतो म्हणून ते आधी हसले, पण नंतर त्यांनी तासभर शिकवले. त्यांचे म्हणणे असे की टेपला तीन वेगळे गुण लागतात आणि लोक तिन्हींना चिकटपणा या एकाच नावाने हाक मारतात. पहिला गुण, हलका स्पर्श होताच पकडणे. दुसरा, सोलून काढताना विरोध करणे. तिसरा, ओझे टांगले तरी सरकत न जाणे. आणि गंमत ही की पहिला वाढवायला चिकट द्रव्य मऊ करावे तर तिसरा घटतो. घट्ट करावे तर पकडच लागत नाही. ड्रूच्याच कंपनीतल्या कार्ल डाल्क्विस्ट या शास्त्रज्ञाने पुढे मोजून दाखवले की द्रव्याचा कडकपणा सुमारे ३ लाख पास्कलच्या वर गेला की ते हलक्या दाबाने चिकटेनासे होते.

या तिन्ही गुणांची मापे काढण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. अमेरिकेतल्या टेप बनवणाऱ्या कंपन्यांची परिषद १९५३ साली स्थापन झाली आणि अशा चाचण्यांना एक शिस्त आली. पहिल्या गुणासाठी टेप चिकट बाजू वर करून पसरतात आणि एका छोट्या उतारावरून सुमारे ११ मिलीमीटर व्यासाची पोलादी गोळी तिच्यावर सोडतात. गोळी जितकी लवकर थांबेल तितकी पकड चांगली. चाचणी नसून मुलांचा खेळच वाटावा अशी ही युक्ती. तिसऱ्यासाठी उभ्या पोलादी पट्टीवर टेपचा ठरावीक मापाचा तुकडा चिकटवून त्याला, समजा, एक किलोचे वजन टांगतात आणि ते किती मिनिटांनी पडते ते पाहतात.

दुसऱ्या चाचणीशी आमच्या घराचे नाते आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. सुमारे २५ मिलीमीटर रुंदीची पट्टी घेतात. स्वच्छ पुसलेल्या स्टीलच्या पाटीवर ती लावून वरून दोन किलोचा रूळ ठरावीक वेळा फिरवतात, म्हणजे कुणाच्या अंगठ्याचा जोर कमी-जास्त होण्याचा प्रश्न उरत नाही. मग पट्टीचे टोक उलटे वळवून, म्हणजे १८० अंशांत, मिनिटाला ३०० मिलीमीटर या वेगाने ओढतात आणि किती जोर लागला ते मोजतात. खोलीचे तापमान २३ अंश आणि हवेतली आर्द्रता ५० टक्के. वेग इतका काटेकोर का, असे मी विचारले. सरांनी सांगितले की चिकट द्रव्य हे काहीसे काकवीसारखे असते. हळू ओढले तर त्याला वाहायला वेळ मिळतो, झटका दिला तर ते ताठरते आणि जोर जास्त लागतो. आप्पा टेप नेहमी सावकाश, मागे दुमडून काढतात. त्यांना हे कुणी शिकवले, विचारले तर म्हणाले, उस्तादाने. उस्तादाला कुणी, ते त्यांना माहीत नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती स्टीलची पाटी. ती का? कारण स्टील सोलून निघत नाही. त्यामुळे मिळणारा आकडा फक्त टेपचा असतो. गॅरेजात टेपखाली स्टील नसते, कालचा रंग असतो. तिथे दोन पकडी असतात, टेपची रंगावर आणि रंगाची पत्र्यावर. ओढताना दोन्हींत जी कमजोर ती सुटते. ड्रूने टेपची पकड इतकी बेताची केली की चांगला वाळलेला रंग जिंकावा. न वाळलेल्या रंगाला जिंकवणे त्याच्या हातात नव्हते.

मी सरांकडून ताणकाटा मागून आणला. गॅरेजातून पत्र्याचे टाकाऊ तुकडे आणले, आप्पांकडूनच त्यांवर तोच पांढरा रंग वेगवेगळ्या दिवशी मारून घेतला. रुळाऐवजी आईचा लाटण्याने दाबण्याचा सल्ला घेतला. माझा वेग मिनिटाला ३०० मिलीमीटर होता असा दावा मी करणार नाही. काटा साडेचारशे ग्रॅमच्या आसपास हलत राहिला. एक दिवस वाळलेल्या तुकड्यावरचा रंग त्याआधीच, कडेपासून कातड्यासारखा उठला. तीन दिवसांच्या तुकड्यावर एका कोपऱ्यात उठला. आठ दिवसांच्या तुकड्यावर टेप तेवढाच जोर खाऊन स्वच्छ निघाली. टेप तीच, हात तोच. मी चारही तुकडे आप्पांपुढे ठेवले. त्यांनी ते बराच वेळ उलटेसुलटे करून पाहिले आणि एक तुकडा खिशात घालून कामावर गेले. मालकाला दाखवला की नाही, मी विचारले नाही. कापलेली मजुरी परत मिळाली नाही.

ड्रूकडे परत येतो. पारदर्शक टेप, जिला आपण कोणत्याही कंपनीची असो सेलोटेपच म्हणतो, तीही त्याचीच. १९२९ साली सेंट पॉलच्या एका कंपनीला रेल्वेच्या थंड डब्यांत बसवायच्या सामानाला ओल न लागू देणारे वेष्टन हवे होते. त्या खटाटोपात ड्रूच्या हाती सेलोफेन आले. ते नवेच होते. त्यावर चिकट द्रव्य सारखे पसरेना, कागद गुंडाळे, यंत्रात चिरे, आणि द्रव्याचा पिवळसर रंग पारदर्शकपणा घालवी. म्हणून आधी एक अस्तर द्यायचे आणि त्यावर रबर, तेल, राळ यांचे रंगहीन मिश्रण, असे करून ती १९३० साली जमली. ८ सप्टेंबर १९३० रोजी पहिली गुंडाळी शिकागोच्या एका गिऱ्हाइकाकडे चाचणीसाठी गेली. बेकरीच्या मालाची सेलोफेनची पाकिटे बंद करायला ती काढली होती. तेवढ्यात ती पाकिटे उष्णतेने बंद करण्याची रीत निघाली आणि टेपचे मूळ कामच गेले. पण जगभर महामंदी आली होती. लोक नवे घेऊ शकत नव्हते, फाटलेले सांधत होते. पुस्तकांची पाने, खिडक्यांचे पडदे, खेळणी, फाटक्या नोटा. गरिबीने त्या टेपला तारले. आमच्या वर्गातल्या निम्म्या पाठ्यपुस्तकांकडे पाहिले की हे पटते. टेपचे टोक सापडत नाही हा त्रास मात्र होताच. १९३२ साली जॉन बोर्डेन या त्याच कंपनीतल्या माणसाने दातेरी पात्याची टेपदाणी करून तोही बराचसा मिटवला.

१९४३ पासून ड्रू कंपनीत एक वेगळी प्रयोगशाळा चालवू लागला. इतर विभागांत न रुळणारी माणसे तो तिथे गोळा करी. दवाखान्यात सलाईनची सुई हाताला धरून ठेवायला जी कागदी पट्टी लावतात, तिच्यासारखी कातडीला श्वास घेऊ देणारी टेप तिथून निघाली. रात्री मोटारीच्या उजेडात चमकणाऱ्या रस्त्यांवरच्या पाट्यांचे कामही तिथे झाले. त्याच्या नावावर ३० पेटंटे आहेत. १९६२ साली तो निवृत्त झाला आणि १४ डिसेंबर १९८० रोजी कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथे वारला. २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधकांच्या दालनात त्याचे नाव लागले. त्याआधी २००४ साली मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी ग्राफाइटचे पापुद्रे टेपनेच सोलत सोलत एका अणूच्या जाडीचे ग्राफीन मिळवले होते आणि त्याबद्दल २०१० साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते पाहायला ड्रू नव्हता. टेपने काहीतरी सोलून आले म्हणून बक्षीस मिळाल्याचे हे एकच उदाहरण मला माहीत आहे.

उन्हाळ्यात आप्पांनी एक दिवस आपणहून विचारले की मे महिन्यात टेप आपोआप घसरते ती का. आम्ही तिसरी चाचणी केली. परसातल्या पत्र्याच्या दोन पट्ट्यांना टेपचे सारखे तुकडे लावले आणि आईच्या तराजूची अर्धा-अर्धा किलोची दोन वजने टांगली, एक उन्हात, एक पडवीत. उन्हातले अकराच्या आत पडले. टेप पत्र्यावरून हळूहळू खाली सरकताना आम्हाला डोळ्यांनी दिसत होती. पडवीतले किती तग धरते ते संध्याकाळपर्यंत पाहायचे होते, पण चार वाजता शेजारच्या काकू शेंगदाणे घ्यायला आल्या आणि आईने वजन काढून घेतले.